रुपीला आधार देताना

बाळांनो, नीट मांडी घालून बसा. एका जंगलात एक शाळा होती. वर्ग मात्र मोबाइलवर भरायचा, कारण शाळेच्या झाडाखाली साहेबांचं ऑफिस आलं होतं.

तिथे टिटवीबाई शिकवायच्या. मनाने फार चांगल्या. नोकरी मात्र हंगामी. तीन वर्षं झाली, अजून कायम झाल्या नव्हत्या.

एक दिवस रानगवा साहेबांचा आदेश आला. मुलांना गृहपाठाचा फोटो पाठवायला पाच पायऱ्यांत शिकवावं. प्रत्येक पायरीला बाईंनी आधार द्यावा, मग तो हळूहळू काढून घ्यावा. कुणाला किती आधार दिला, ते तक्त्यात भरावं. तक्ता पूर्ण, तर बाई कायम.

बाई जीव ओतून कामाला लागल्या. पहिली पायरी, फोन सरळ धरणे. ती समजावून होतेय तोच सायाळीच्या रुपीचा गृहपाठ येऊन धडकला. अक्षर न् अक्षर स्वच्छ.

"रुपे, कुणी शिकवलं गं?"

"कुणी नाही, बाई. दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा गेलं."

बाई हरखल्या. मग त्यांनी तक्ता पाहिला. रुपीपुढचे पाचही रकाने कोरे. त्यांनी साहेबांना फोन लावला.

"साहेब, हिला आधार लागलाच नाही. काय लिहू?"

"कोरा रकाना म्हणजे बाईंनी शिकवलं नाही," साहेब रवंथ करत म्हणाले. "गुरुवारी तपासणी आहे."

बाईंना दाणा गोड लागेना. बुधवारी त्यांनी रुपीला गाठलं.

"बाळा, उद्या जरा अडखळशील?"

"किती वेळा?"

"पाच."

गुरुवारी साहेब वर्गात पडद्यावर हजर झाले. रुपी सुरेख अडखळली. फोन उलटा धरला. वहीऐवजी नाकाचा फोटो काढला. चौथ्या पायरीला तर डोळ्यांत पाणी आणलं. बाईंनी पाच वेळा गोड आवाजात आधार दिला. साहेब गहिवरले. बाई कायम झाल्या आणि रुपी आदर्श विद्यार्थिनी ठरली.

शुक्रवारी बाई म्हणाल्या, "रुपे, पाठव बरं गृहपाठ."

रुपी हात बांधून बसून राहिली.

"अगं, तुला येतं ना?"

"येतं की. पण येत होतं तेव्हा कुणी शाबासकी दिली नव्हती, बाई."

तात्पर्य : मुलांना स्वतःच्या पायांवर जरूर उभं करावं. फक्त तपासणी होईपर्यंत त्यांनी बसून राहावं. नंतर ती उठली नाहीत, तर त्यासाठी नवा आदेश निघतोच.