प्रमोदभाऊंचं भेव

"काल पुन्हा आमच्या फाटकाची कडी लावून गेला तो प्रमोद. काईतरी वंगाळ हून राह्यलं कुठीतरी."

शोभाबाई कुंपणापलीकडून माझ्या आईला सांगत होत्या. मी चप्पल घालता घालता थांबले.

"बिबट्या दिसला का त्यांना?" आईने विचारलं.

"बिबट दिसला तर तो बोंबलून सांगते ना, बाई! हे न सांगन्यासारखं हाय. तवाच तर कड्या लावत हिंडते."

शोभाबाईंचं निदान बरोबर होतं. पण मला ते कबूल करता येत नव्हतं. न सांगण्यासारखं जे होतं, ते मलाही माहीत होतं.

प्रमोदभाऊ गडचिरोलीतल्या आमच्या कॉलनीच्या शेवटच्या घरात राहतात. त्यांच्या मागच्या भिंतीपासून सागाचं जंगल सुरू होतं. वय पन्नाशीपुढचं, अंगात उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट, कारण "डासाले काऊन रस्ता द्याचा?" त्यांचं काम संगणकाच्या कर्नेलमधली भगदाडं बुजवण्याचं. कर्नेल म्हणजे प्रत्येक फोनच्या आणि संगणकाच्या पोटात बसलेला कारभारी. कोणत्या कामाला किती जागा द्यायची, कोणाला आत घ्यायचं, हे तो ठरवतो. तिथे भगदाड राहिलं तर चोर थेट कारभाऱ्याच्या गादीवर बसतो. मग दवाखान्यातलं यंत्र काय, बँकेतलं काय आणि शोभाबाईंच्या पदराला बांधलेला फोन काय, सगळं त्याचंच.

नागपूरला शिकून परत आल्यापासून मी भाऊंच्या हाताखाली हेच काम करते. या कामाचा एक नियम आहे. भगदाड सापडलं की दुरुस्ती तयार होईपर्यंत कोणालाही सांगायचं नाही. जगभरातली आमची मोजकी माणसं दिवस आणि वेळ ठरवतात आणि तोवर सगळे गप्प. या गप्प बसण्याच्या दिवसांत भाऊंना जेवण जात नाही. आपल्याला सापडलं ते दुसऱ्या कोणाला आधीच सापडलं असेल तर? हे बोलता येत नाही, म्हणून ते संध्याकाळी कॉलनीभर फिरून लोकांच्या फाटकांच्या कड्या लावतात. एकदा त्यांनी पाटबंधारेवाल्या साहेबांना त्यांच्याच अंगणात कोंडलं होतं.

"भेव लागते ना? मंग डोकं बरोबर चालून राह्यलं," हे त्यांचं आवडतं वाक्य. नवीन माणूस भेटला की नाव विचारण्याआधी ते विचारतात, "तुमाले कायचं भेव लागते?" फार वर्षांपूर्वी ते ब्रह्मपुरीला मुलगी पाहायला गेले होते. चहा झाला. मुलीच्या वडिलांनी म्हटलं, विचारा काय विचारायचं ते. भाऊंनी विचारलं, "तुमच्या घराले मागून किती दारं हायेत?" लग्न जमलं नाही. पुढे कधीच जमलं नाही.

वडशाला झाडीपट्टीचं नाटक पाहायला गेले, तर मंडपाच्या कापडाला एक फाटका कोपरा दिसला. तिथून लोक फुकट आत शिरत होते. भाऊ स्वतःचं तिकीट खिशात ठेवून पूर्ण नाटकभर त्या कोपऱ्याला पाठ लावून उभे राहिले. परत आल्यावर म्हणाले, "लय मस्त झालं नाटक. कोनीच घुसलं नाई."

माझी भीती वेगळी आहे. मला बोलायची भीती वाटते. इंग्रजी शाळेत मराठी बोललं की दंड आणि घरी इंग्रजी बोललं की हसू, त्यामुळे मी लिहायला शिकले. भाऊंच्या पुढच्या खोलीत आम्ही समोरासमोर बसतो, तरी चूक दिसली की मी त्यांना संगणकावरून निरोप पाठवते. ते वाचून मान हलवतात. कधी म्हणाले नाहीत की तोंड उघड.

एक गोष्ट मात्र मला विचित्र वाटायची. कोणतीही दुरुस्ती पाठवण्याआधी भाऊ ती मोठ्याने वाचतात, कोपऱ्यातल्या रिकाम्या वेताच्या खुर्चीकडे पाहून. एक वाक्य झालं की थांबतात. पुन्हा वाचतात, पुन्हा थांबतात. मी त्या वेळी खाली पाहते.

त्या दिवशी चप्पल घालून मी फाटकाबाहेर पडले तेव्हा शोभाबाईंनी मला गाठलं. "त्याची माय होती तवा बरं होतं गं. तिले सारं वाचून दाखवे. तिले काय समजे त्यातलं? ती खुर्चीत बसून तांदूळ निवडे आन मधातच म्हने, 'मंग?' ते ऐकलं का हा थंडा होये."

मी तशीच भाऊंकडे गेले.

दुरुस्ती दुपारी जायची होती. सकाळीच तिच्यात शेवटचा बदल झाला होता. तेवढ्यात लाईट गेली, इंटरनेट गेलं. भाऊंनी आपला लॅपटॉप स्वतःच्या फोनवरून इंटरनेटला जोडला आणि खुर्चीकडे वळले. दुरुस्ती एकदा बाहेर पडली की ती चोरही वाचतो. ती अर्धवट असेल तर उरलेलं भगदाड कुठे आहे, हे आपणच त्याला दाखवून दिलेलं असतं.

"यष्टी आली," भाऊ खुर्चीला सांगू लागले. "पशिंजरनं खिडकीतून रुमाल टाकला. सीट त्याची झाली." थांबले. "पशिंजर उतरला. सीट रिकामी झाली. पन रुमाल तसाच." थांबले. "आता तिथी चोर बसला, तरी कंडक्टर रुमाल पाहून समजते का पयलाच मानूस हाय. त्याले काईच इचारत नाई. हेच भगदाड."

पुन्हा थांबले. खुर्ची गप्प होती.

"म्हनून आता उतरताना रुमाल उचलाचा. झालं."

मी माझ्या लॅपटॉपवर तेच वाचत होते. उतरणाऱ्याचा रुमाल उचलला जात होता, हे बरोबर होतं. पण काही कामं सुरू होता होताच फसतात. जागा धरतात आणि आत न येताच परत जातात. त्या वाटेवर कोणी काही उचलत नव्हतं. मी घाईने निरोप लिहिला. तो गेला नाही. इंटरनेट फक्त भाऊंच्या लॅपटॉपला होतं.

भाऊंनी घड्याळ पाहिलं. बोट कळेवर नेलं. पण दाबण्याआधी ते पुन्हा एकदा खुर्चीकडे बघून थांबले, नेहमीपेक्षा जास्त वेळ. कोणीतरी काहीतरी म्हणेल, असं.

मी उठले आणि त्या वेताच्या खुर्चीत जाऊन बसले. भाऊ माझ्याकडे बघत राहिले.

"मंग?" मी म्हणाले. "ज्यानं रुमाल टाकला पन जो चढलाच नाई, त्याचा रुमाल कोन उचलते, भाऊ?"