भाऊकाका आणि गिरगावचं पाणी

मुलांनो, आमच्या भाऊकाकांचा दिवस समुद्राच्या भरती-ओहोटीवर चाले. आता कुठे आमचं कळमनुरी गाव आणि कुठे समुद्र! पण काका जोशीबुवांना तिथी विचारायचे, बोटांची पेरं मोजायचे आणि गिरगावच्या चौपाटीवर पाणी कधी चढणार ते ठरवायचे. भरतीच्या वेळी गाव सोडायचं नाही, हा त्यांचा नेम.

"भाऊ, औंढ्याला दर्शनाला येतोस ना?" माझे वडील विचारत.

"आज न्हाई. दुपारी भरती हाय."

"अरे, आपल्या कयाधू नदीला गुडघाभर पाणी न्हाई."

"कयाधूचं कोण पुसून राहिलं?"

काका वडिलांचे चुलतभाऊ. ऐन उमेदीची वर्षं त्यांनी गिरगावातल्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवले. काकू वारल्या, तसे एकटेच गावी परतले.

चौथीनंतर मला इंग्रजी शिकायचं होतं. निजामाच्या अमलात आमच्याकडे मुलींसाठी तशी शाळा नव्हती, गिरगावात होती. वडील म्हणाले, "एकटं लेकरू तिथं कोणाच्या भरवशावर ठेवू?" विषय मिटल्यातच जमा होता.

काका पान लावत बसले होते. "मी ऱ्हातो की तिच्यासंग."

आई हसली. "भाऊजी, भाकरी कोण थापणार?"

"मीच. काहून, मला हात न्हाईत?"

मी मॅट्रिक होईपर्यंत काका गिरगावच्या चाळीत राहिले. भाकऱ्या जाड, वाकड्या. पण रोज गरम. आज तुमची इंग्रजी पत्रं मी स्वतः वाचते, ती त्या भाकऱ्यांच्या जोरावर.

गंमत म्हणजे, तिथे गेल्यावर काका भरतीचं नावच काढीनात. "आता आमच्याकडं बाजार भरला असंल," असं शेजाऱ्यांना ऐकवत बसायचे. शेजारच्या मावशी म्हणत, "अहो काका, समुद्र हाकेवर आहे, तो तरी बघून या."

"वाळू लई चिकटती पायाला," काका म्हणत. इतक्या वर्षांत एकदाही चौपाटीवर आले नाहीत.

माझा निकाल लागला त्या संध्याकाळी त्यांनी धुतलेलं धोतर नेसलं. "चल, तुझ्या काकूला सांगून येऊ."

काकूंच्या अस्थी त्यांनी चौपाटीवरच्याच पाण्यात सोडल्या होत्या, हे मला तेव्हा कळलं. काका घोटाभर पाण्यात उभे राहिले आणि आतल्या खोलीतल्या माणसाशी बोलावं तसं म्हणाले, "ऐकलं का? पोरगी मॅट्रिक झाली."

मी वाकून पाण्याला हात लावला.

"आता मी गावी जाऊ का?" काकांनी विचारलं.

मी उत्तर देणार होते. पण ते माझ्याकडे बघत नव्हते.