बाल्टिमोरचा चीजबर्गर

"एव्हरीथिंग?" सात वर्षांच्या शिरानं मेन्यूकार्डावरून डोळे वर करत विचारलं. "बाबा, आय कॅन ईट एव्हरीथिंग?"

"सगळं," रूबेन दिघोडकर म्हणाला. "ठेव कशावरही बोट."

शिराला ते खरं वाटेना. दिघोडकर मूळचे ठाण्याचे, बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. रूबेन आता नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरीला एका औषध कंपनीत होता. कॅरीत सगळं मिळायचं, फक्त कोशर, म्हणजे ज्यू धर्मनियमांप्रमाणे चालणारं रेस्टॉरंट नव्हतं. त्यामुळे मैत्रिणींच्या बर्थडेला बाकीच्या मुली बर्गर खायच्या आणि शिरा डब्यातला बटाट्याचा पराठा. "आमच्यात चालत नाही," हे वाक्य ती इंग्रजीत इतक्या सराईतपणे म्हणायची, की मैत्रिणींच्या आयांना तिची दया यायची.

जून २००५मध्ये रूबेनच्या बायकोच्या, सीमाच्या मावसबहिणीचं लग्न न्यू जर्सीला निघालं. गाडीनं जायचं ठरलं, तेव्हा रूबेननं इंटरनेटवर शोधून वाटेत बाल्टिमोरजवळचं एक कोशर रेस्टॉरंट हेरून ठेवलं. मटणाचं. कोशर नियमात मांस आणि दूध एकत्र येऊ द्यायचं नाही, म्हणून अशा ठिकाणी दूध, लोणी, चीज दाराच्या आतसुद्धा येत नाही. शिराला त्याचं काही नव्हतं. तिला बर्गर हवा होता. सहा तास मागच्या सीटवरून एकच प्रश्न येत होता, "आर वी इन बाल्टिमोर?"

ऑर्डर देऊन झाली आणि काळी टोपी घातलेले एक पांढऱ्या दाढीचे गृहस्थ टेबलाशी आले. हे मिस्टर लेविन. स्वयंपाकघरात सगळं नियमानं चाललंय ना, हे बघायला नेमलेले.

"सर, तुमची गल्लत तर नाही ना झाली?" ते अदबीनं म्हणाले. "व्हेजिटेरियन जागा दोन दुकानं सोडून पुढे आहे. बरेच इंडियन चुकून इथे शिरतात."

सीमानं टेबलाखालून नवऱ्याच्या पायावर पाय दिला. "रूबेन, नको हां. मुलं भुकेजली आहेत."

पण अमेरिकेत आल्यापासून हा प्रश्न रूबेनला निदान पन्नासदा विचारला गेला होता आणि पन्नासही वेळा त्यानं उत्तर अथपासून इतिपर्यंत दिलं होतं.

"आम्ही ज्यूच आहोत," त्यानं सुरुवात केली. "दोन हजार वर्षांपूर्वी आमच्या पूर्वजांचं गलबत कोकणात, अलिबागजवळ नवगावला फुटलं. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. जवळ ना ग्रंथ, ना रब्बी. पोटासाठी तेलाचे घाणे घातले, पण शनिवार पवित्र, त्या दिवशी घाणा बंद! गाव आम्हाला शनवार तेली म्हणायचं. आणि दूध-मांस? दोन हजार वर्षांत आमच्या एका ताटात कधी आलं नाही!"

लेविननी दाढी कुरवाळली. "इंटरेस्टिंग," ते म्हणाले. तो स्वर रूबेनच्या ओळखीचा होता. विमा विकायला आलेल्या माणसाशी तो स्वतः असाच बोलायचा. लेविन पलीकडच्या टेबलावरच्या मोठ्या कुटुंबाकडे गेले आणि त्यांच्या कानात काहीतरी सांगू लागले. ती सगळी माणसं वळून इकडे बघायला लागली.

एवढ्यात बर्गर आला. वाफाळता, शिराच्या दोन्ही हातांत मावणार नाही असा. सीमा तिला हात धुवायला घेऊन गेली. पलीकडे आपल्याबद्दल काय बोलतात हे ऐकायला रूबेननं मान लांब केली. आणि शिराचा तीन वर्षांचा भाऊ एली टेबलाशी अगदी शांत बसला.

तीन वर्षांचं मूल शांत बसलं, की घरात जो पहिला विचार येतो तो रूबेनला इथे आला नाही.

शिरा परत आली. तिनं वरचा पाव उचलून आत बघितलं.

"आई! चीजबर्गर!"

तिच्या आवाजात भीती होती की आनंद, हे सीमाला पुढेही कधी कळलं नाही. मांसाच्या तुकड्यावर चीजची एक पांढरी कांडी व्यवस्थित सोलून आडवी ठेवलेली होती आणि दोन्ही टोकांनी वितळायला लागली होती. एलीची पाठपिशवी उघडी होती.

"लाइक जेकब," एलीनं खुलासा केला. जेकब त्याच्या डेकेअरमध्ये होता.

"तू त्याच्या बॅगेतलं चीज काढलं नाहीस?" रूबेन दबक्या आवाजात ओरडला.

"मी? रिचमंडला त्याला स्नॅक तू दिलास! बॅग तू भरलीस!"

"आता काय करायचं?"

"सांगून टाकायचं. अरे, त्यांना प्लेट बाजूला काढावी लागेल."

"आत्ताच दोन हजार वर्षं म्हणालो गं मी! वीस मिनिटं तरी जाऊ देत!"

लेविन वळले. रूबेननं घाईघाईनं प्लेट टेबलाखाली घेतली, मांडीवर ठेवली आणि वर नॅपकिन पसरला. शिराचा चेहरा बघण्यासारखा झाला. सात वर्षांनी आलेला बर्गर सात सेकंदांत गेला होता.

लेविन एकटे आले नव्हते. पलीकडचं अख्खं कुटुंब, आजोबांपासून तान्ह्या बाळापर्यंत नऊ माणसं, त्यांच्यामागून आलं. "ह्यांनाही सांगा ना," लेविन म्हणाले. "ते गलबताचं."

रूबेननं मांडीवरची प्लेट गुडघ्यांनी सावरली आणि गलबत पुन्हा समुद्रात सोडलं. यावेळी ते फार हळू चाललं. मधेच त्याला घाम फुटत होता, मधेच तो टेबलाखाली बघत होता. प्लेट कलली. गरम चीज आणि त्यामागोमाग सॉस पँटमधून आत उतरायला लागला.

"मग ते चौदा जण किनाऱ्याला लागले कसे?" आजोबांनी विचारलं.

"पोहत!" रूबेन एवढ्यानं किंचाळला, की बाळ रडायला लागलं.

"बिचाऱ्यांनी काय काय सोसलं," आजी हळहळल्या.

"माय चीज!" एलीनं टेबलाखाली बोट दाखवलं. "बाबा हॅज माय चीज!"

आणि मग शिराला राहवेना. ती हुंदके देत इंग्रजीत म्हणाली, "मिस्टर, माझ्या भावानं चीजबर्गर केलाय आणि बाबांनी तो लपवलाय. तो माझा बर्गर होता!"

रूबेन उठून उभा राहिला. एका हातात प्लेट, पँटवर मोठा डाग. ज्यांनी ग्रंथाविना, रब्बीविना इतकी शतकं काढली, ते सगळे शनवार तेली आपल्याकडे बघतायत, असं त्याला वाटलं.

"चीज कुणाचं?" लेविननी विचारलं.

"आमचं. माफ करा. मुलाच्या बॅगेत राहिलं. मी लगेच सांगायला हवं होतं."

"चीज कोशर आहे?"

"अर्थातच! वॉशिंग्टनहून मागवतो आम्ही."

"म्हणजे मांस कोशर, चीज कोशर, आणि दोन्ही मिळून..."

"चीजबर्गर," शिरा रडत रडत म्हणाली.

लेविननी प्लेट दोन बोटांत धरून आत पाठवली. टेबल पुसून घेतलं, सुरी बदलायला लावली. मग खुर्ची ओढून ते रूबेनसमोर बसले.

"मिस्टर दिघोडकर, खरं सांगू? मघाशी माझा तुमच्यावर विश्वास बसला नव्हता. गलबत काय, तेल काय. म्हटलं, माणूस बोलघेवडा दिसतोय. म्हणून तर ह्या आजोबांना घेऊन आलो. ते इतिहासाचे प्रोफेसर होते."

"आणि आता?"

"आता प्रोफेसरांची गरज नाही. इथे चुकून आलेल्या माणसानं तो बर्गर मजेत खाल्ला असता. मांडी भाजत असताना तो लपवून घाम गाळत बसणारा माणूस ज्यूच असणार."

आजोबांनी मान डोलावली. आजींनी रूबेनच्या हातात ओला नॅपकिन दिला आणि सीमाला विचारलं, "तुमच्या लग्नात जेवायला काय असतं?" नऊ माणसांनी आपापल्या खुर्च्या इकडे ओढल्या.

शिराला नवा बर्गर आला. तिनं तो शेवटच्या घासापर्यंत, कुणाशी एक शब्दही न बोलता खाल्ला. आणि तिचं होईपर्यंत मिस्टर लेविन स्वयंपाकघरात फिरकले नाहीत. एलीची पाठपिशवी मांडीवर घट्ट धरून ते त्याच्या अगदी समोर बसून राहिले.