शस्त्रनिवड समिती, भुयारगड (मुख्य कार्यालय : मलकापूर)

कोणत्याही गडाच्या संरक्षणात शस्त्राला महत्त्व असतं, शस्त्रापेक्षा शस्त्राच्या निवडीला असतं, आणि निवडीपेक्षा निवड समितीला असतं. मलकापूरच्या विश्वजीतला हे जरा उशिरा उमगलं, म्हणून त्याचा गड चार वर्षं टिकला. उमगल्यावर तो एका दुपारी अकरा मिनिटांत गेला.

गड संगणकातला होता, एवढ्यावरून कोणी हसू नये. या खेळात ठेंगू नावाची बुटकी माणसं डोंगर पोखरून राहतात आणि प्रत्येक ठेंगूच्या प्रत्येक दाताची, बोटाची स्वतंत्र नोंद असते. (आपल्या सातबाऱ्यापेक्षा ही नोंद बरीच बरी ठेवलेली असते.) विश्वजीतनं आपल्या चौऱ्याऐंशी ठेंगूंना अख्ख्या आळीची नावं दिली होती. त्याचा मित्र नईम, त्याच्या फ्लेक्सच्या दुकानातल्या संगणकावर ही आळी नांदत होती, आणि तिच्यावर विश्वजीतचा जीव होता. सख्ख्या चुलत्याशी तो बोलत नसे, पण चुलत्याच्या ठेंगूला वेळेवर जेवू घाली.

गडाची संरक्षणव्यवस्था अगदीच साधी होती. दाराशी एक दांडा होता. त्याच्याशेजारी केरबा नावाचा ठेंगू बसे. हे नाव विश्वजीतच्या वडलांचं. ते चोवीस वर्षं फौजेत काढून सुभेदार म्हणून घरी आलेले. पानगळ लागली की राक्षस येत. केरबा दांडा ओढी, दार बंद होई, राक्षस बाहेर बोंबलून परत जात. चार वर्षांत एकही ठेंगू मेला नाही. या पद्धतीत एकही बैठक झाली नव्हती, हा तिचा मोठाच दोष.

पाचव्या वर्षी खाणीत लोखंड लागलं. चाळीस हत्यारं होतील एवढं, पण एकाच प्रकारची. विश्वजीत म्हणाला कुऱ्हाड, नईम म्हणाला घण.

"गड्या, घणानं चिलखतासकट हाड मोडतंय," नईम म्हणाला.

"आन् कुऱ्हाडीनं हातच खाली येतोय. मग चिलखत घालणार कुठं?"

मुद्दा शास्त्रीय होता. म्हणून तो शास्त्रीय पद्धतीनंच सोडवायचं ठरलं. दाराबाहेर रेंगाळताना कधीकाळी पिंजऱ्यात सापडलेले जुने राक्षस चाचणीसाठी काढले, आळीतले ठेंगू व्यापाऱ्यांकडून घेतलेली नमुन्याची हत्यारं देऊन समोर उभे केले. एक हजार दोनशे साठ लढती झाल्या. कुऱ्हाड : तुटलेले अवयव ३१२. घण : मोडलेली हाडं ५४०. भाला : टोचलं खूप, मेलं कोणी नाही. पहिला आला चाबूक (या खेळात तोही लोखंडी असतो). चाबकाचा फटका चिलखताच्या आत जातो, असं आकडे सांगत होते. चाबूक हे बैल हाकायचं साधन असल्यानं हा निष्कर्ष कोणालाच आवडला नाही. सबब फेरचाचणी.

तोवर नईमनं कौतुकानं निकालाचा तक्ता सहा बाय चारच्या फ्लेक्सवर छापून दुकानापुढं लावला, नावांसकट. दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरवाला ज्ञानू दुकानात आला.

"इश्वा, माजं दोनी कान का रं तोडलं?"

"ज्ञानूदा, तुमचं न्हाईत. ठेंगूचं हाईत."

"नाव कुणाचं हाय? समदी आळी हसाय लागलीया. आन् शालूबाई न्हवं, ती जितली व्हय?"

शालूबाई चाबकावर होती. ज्ञानूची समजूत घालण्यासाठी त्याला 'कर्ण-हानी चौकशी उपसमिती'चं अध्यक्षपद देण्यात आलं आणि त्याच्या ठेंगूलाही गडावर तेच पद मिळालं. मग बाकीचे कसे गप्प बसतील? भामाबाईंना स्वागताध्यक्षपद, शालूबाईंना चाबूक विभाग, चुलत्याला सल्लागार मंडळ. (सल्ला मागायचा नाही, या अटीवर.) पंधरवड्यात चौऱ्याऐंशीपैकी त्र्याऐंशी ठेंगू पदाधिकारी झाले. खेळाचा नियम असा की पदाधिकारी अंगमेहनतीचं काम करत नाही. हा खेळ वास्तवाच्या फार जवळ जातो, असं जाणकार म्हणतात ते यामुळेच.

केरबा सुभेदार दुकानातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून हे सगळं बघत. ते एकच विचारत. "दार कोन बघतंय?" पहिल्यांदा विचारलं तेव्हा विश्वजीत म्हणाला, "बघतोय आबा." दुसऱ्यांदा नईम म्हणाला, "चा घ्या आबा." तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्यांना मुख्य समितीचं अध्यक्षपद दिलं. फेटा, शाल, श्रीफळ, फोटोसह फ्लेक्स. सुभेदार फोटोकडं बराच वेळ बघत राहिले. त्यानंतर त्यांनी दाराबद्दल विचारलं नाही. गडावरही केरबा दांड्यापासून उठून खुर्चीवर बसला.

पानगळ लागली. अहवालाचा मसुदा तयार होता : सर्व शस्त्रं सर्वानुमते प्रथम. भट्टी अजून पेटवली नव्हती, कारण मसुद्यावर सह्या व्हायच्या होत्या. एकतीस राक्षस उघड्या दारातून सरळ आत आले. विश्वजीत दांडा ओढा म्हणून हुकमावर हुकूम देत राहिला. त्र्याऐंशी ठिकाणांहून एकच उत्तर आलं : बैठकीत आहे.

मग पडद्यावर एकेक ओळ उमटू लागली. केरबानं खुर्ची सोडली. केरबा दांड्याकडं धावला. केरबाचा डावा पाय गेला. केरबा सरपटतोय. केरबा पडला.

"पदावरनं उठता येतं व्हय यात?" नईम पुटपुटला. विश्वजीतला रडू आलं आणि ते कोणापासून लपवावं हेही सुचलं नाही.

सुभेदारांनी चष्मा लावून सगळं वाचलं. बोट पडद्यावर टेकवून दांड्यापर्यंतचे चौकोन मोजले.

"चारच पावलं राह्यली की रं," ते म्हणाले. मग दुकानाच्या दारावरचा आपला फ्लेक्स स्वतः सोडवला, घडी घातली आणि काखेत मारून घरी गेले.

ही हकिकत विश्वजीत आता ज्याला त्याला सांगतो. कराडात सांगितली, शिराळ्यात सांगितली. ऐकणारा हळहळतो आणि शेवटी विचारतो, "ते ऱ्हाऊ दे, पर हत्यार कुठलं भारी?" तुमचाही प्रश्न तोच आहे, याची समितीला कल्पना आहे. (तक्ता क्रमांक अकरा पाहावा. चाबूकच.) नवा गड बांधायला घेतला असून समितीवरच्या पदांसाठी आतापर्यंत एकशे चाळीस अर्ज आले आहेत. तुमचाही त्यात आहे. दांड्याशेजारच्या जागेसाठी एकच आला, सुभेदारांचा, आणि अर्जदार यापूर्वी अध्यक्ष राहिलेले असल्यामुळे तो नामंजूर करण्यात आला आहे.