एक नंबरचा मान

“पण अहो, ज्यानं त्यानं आपापल्या फळीवरच गोळी मारायची असते ना?” नंदिनीने चहाचा कप पुढे ठेवत विचारले.

“असती की. पण मी साहेबांच्या फळीवर मारणार,” नृसिंह म्हणाला.

नंदिनीने त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.

भानगड अशी होती. नृसिंहाच्या बँकेच्या गडहिंग्लज शाखेत एक जागा रिकामी झाली होती आणि तिथे कुणाला पाठवायचे हे मुख्याधिकारी सयाजीराव साहेब सोमवारी ठरवणार होते. तसे गडहिंग्लज वाईट नाही. पण नंदिनीची शाळेतली नोकरी कोल्हापुरात. लग्नाला उणेपुरे सहा महिने झालेले. बदली झाली म्हणजे त्याने तिकडे खानावळीत जेवायचे, तिने इकडे एकटीसाठी भाकरी थापायची, आणि संसार काय तो शनिवारच्या एसटीत करायचा. या विचाराने नृसिंहाला आठवडाभर झोप नव्हती.

त्यातच त्या साली गावातल्या रायफल क्लबने नवशिक्यांसाठी रविवारचा वर्ग काढला. कचेऱ्यांतल्या मंडळींनी गटाने यावे, पाच-पाच गोळ्या झाडाव्यात, हौस भागवावी. साहेबांना नेमबाजीची फार हौस. त्यांनी तिघांना बरोबर घेतले: नृसिंह, बंडू आणि कृष्णात. बदलीच्या यादीतही नेमके हेच तिघे होते, आणि याला योगायोग म्हणावे इतके कुणी भोळे नव्हते.

“साहेबांच्या फळीवर जितकी भोकं जास्त, तितका साहेब खूश,” नृसिंहाने बायकोला समजावले. “आणि खूश झालेला माणूस कशाला कुणाची बदली करतोय?”

“आणि तुमची फळी?”

“कोरी. मला कुठं बंदूक येती? कुणालाबी खरंच वाटंल.”

मैदानावर सुभेदार आकाराम उभे होते. लष्करातून निवृत्त झालेले, मिशा मात्र अजून नोकरीत. चार जागा आखलेल्या, चार गोणपाटे अंथरलेली आणि समोर चार आकडे घातलेल्या चार फळ्या. सुभेदारांनी आधीच दम भरला.

“पालथं पडायचं, श्वास रोखायचा, हळू घोडा वढायचा. आणि ऐका, दुसऱ्याच्या फळीवर ज्यानं गोळी घातली, त्यानं रायफल डोक्यावर धरून मैदानाला फेऱ्या मारायच्या. मग त्यो शिपाई असू दे न्हायतर साहेब!”

“एक नंबर साहेबांचा!” कृष्णात घाईघाईने म्हणाला. “मानच हाय तो.”

“तर वो! दुसऱ्या कुणाचा असणार?” बंडूने री ओढली.

साहेब प्रसन्न होऊन पहिल्या जागेवर पालथे पडले आणि लगेच उठले. तिथे उन्हाची तिरीप थेट डोळ्यांत येत होती. दुसऱ्या जागेवर चिंचेची सावली होती. ती नृसिंहाची.

“या की साहेब, इकडं पडा,” म्हणत नृसिंहाने गोणपाट झटकून दिले आणि स्वतः उन्हात जाऊन पडला. मनातून तो हरखला होता. साहेब आधीच खूश, आणि त्यांची फळी अजूनही अगदी शेजारचीच, म्हणजे नेम चुकायलाही फारसा वाव नाही.

सुभेदारांनी शिट्टी फुंकली आणि गोळीबार सुरू झाला. नृसिंहाने देवाचे नाव घेऊन पाचही गोळ्या दोन नंबरच्या फळीवर झाडल्या. तिसऱ्या जागेवरून बंडूनेही दोन नंबरवरच झाडल्या. त्याची म्हातारी आई इथे कोल्हापुरात होती. चौथ्या जागेवरून कृष्णातनेही, मान वाकडी करकरून, दोन नंबरवरच. त्याची तालीम इथे होती. कुणी कुणाला काही सांगितले नव्हते.

साहेब मात्र सावलीत पडून शांतपणे एक नंबरच्या फळीवर गोळ्या झाडत होते. जागा बदलली म्हणून मान थोडाच बदलतो? एक नंबर साहेबांचा, असे मघाशी दोघांनी छातीठोक सांगितले होते.

सुभेदार फळ्या बघून आले तेव्हा त्यांच्या मिशा थरथरत होत्या.

“तीन नंबर, कोरी. चार नंबर, कोरी. गोळ्या काय आभाळात घातल्या?”

“व्हय,” बंडू म्हणाला.

“आभाळातच,” कृष्णात म्हणाला.

“आणि साहेब, तुमच्या दोन नंबरवर नऊ भोकं! गोळ्या दिल्या पाच. काय, पिल्लं घातली काय गोळ्यांनी?”

“साहेबांचा दणकाच तसा,” बंडू चाचरत म्हणाला. “एकेक गोळी दोन-दोनदा लागती.”

“गप बस! ही फळी बाद!” सुभेदार गरजले. मग त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. “पण पावणं, तुम्ही!” ते नृसिंहाकडे वळले. “एक नंबर. पाचच्या पाच मधोमध, बंद्या रुपयाएवढ्या जागेत! जल्मात असा नवशिक्या बघितला न्हाय.”

साहेबांनी बोलायला तोंड उघडले. त्यांची नजर सुभेदारांच्या शिट्टीवर गेली, मग त्या भल्यामोठ्या मैदानावर गेली, आणि त्यांनी तोंड मिटले. नृसिंहाला सगळा उलगडा झाला तो त्याच क्षणी.

साहेब उठले, पँटची धूळ झटकली आणि नृसिंहाच्या खांद्यावर हात ठेवला.

“वा, नृसिंह! इतके दिवस लपवून ठेवलंस की रे. बरं झालं, माझी काळजी मिटली. गडहिंग्लजहून नेसरीला रोकड न्यायची असते. बरोबर बंदूकवाला भरवशाचा माणूस लागतोय, आणि तसा माणूस काही मला सापडत नव्हता.”

“साहेब, मला बंदूक येत न्हाय वो!” नृसिंह कळवळून म्हणाला. “देवाशप्पत येत न्हाय!”

“येत न्हाय?” साहेबांनी त्याच्या डोळ्यांत रोखून पाहिले. “मग ह्या पाच गोळ्या कुणी मारल्या?”

सुभेदारांनी शिट्टी ओठांजवळ नेली. बंडू आणि कृष्णात भक्तिभावाने चिंचेच्या झाडाकडे बघू लागले. साहेबांची नजर काही हलली नाही.

“मीच, साहेब,” नृसिंह म्हणाला.

“मग झालं तर,” साहेब म्हणाले. “सोमवारी ऑर्डर घेऊन जा.”

बंडू आणि कृष्णात यांनी इतक्या जोरात टाळ्या वाजवल्या की चिंचेवरचे कावळे उडाले.