मनातला विषय

शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत शांतवन साळवेला हो किंवा नाही सांगायचं होतं, आणि बुधवार उजाडला तरी देव काही बोलायला तयार नव्हता.

निघोज्याच्या ज्या कारखान्यात तो ब्रेकचे भाग तपासायचा, त्याचा नवा प्लँट गुजरातेत सुरू होत होता. तिथं क्वालिटीचा प्रमुख म्हणून जाणार का, असं एचआरच्या मैत्री मॅडमनी सोमवारी विचारलं होतं. तीन वर्षं, बायकोसह. शांतवनचं वय सेहेचाळीस. यापुढं असं कुणी विचारेल, अशी आशा नव्हती. हो म्हणावं तर आकुर्डीतलं घर, चर्चची मंडळी, बायकोची बालवाडी, सगळं सोडायचं. नाही म्हणावं तर गणराज कदम प्रमुख होणार, आणि त्या गणराजला मायक्रोमीटर धरून माप घ्यायला शांतवननंच शिकवलं होतं.

शांतवन भाविक होता, पण त्याच्या भक्तीला कारखान्याचं वळण लागलं होतं. तीन नमुने मापात बसल्याशिवाय माल पुढं सोडायचा नाही, हा तिथला नियम त्यानं देवालाही लावला होता. तीन खुणा मिळाल्या तरच हो. मंगळवारी सकाळी त्यानं डोळे मिटून पवित्र शास्त्र उघडलं, पानावर बोट ठेवलं, तर मंदिराच्या भिंतींची मापं निघाली. सवयीनं त्यानं ती दोनदा मोठ्यानं वाचून तपासली; बायको चहा ठेवता ठेवता बघत होती. मापात खोट नव्हती, पण गुजरातचा उल्लेखही नव्हता. मग त्यानं ठरवलं की कंपनीच्या बसमध्ये खिडकीची जागा मिळाली तर जायचं. मिळाली, पण सीटचा फोम बाहेर आलेला आणि खिडकीची काच अडकलेली. हा नमुना पास धरायचा की नापास, याचा विचार करकरून तळवड्यापर्यंत त्याचं डोकं दुखायला लागलं.

बायकोला त्यानं यातलं काहीच सांगितलं नव्हतं. सुवार्ताला सांगितलं की ती मत देणार, आणि तिचं मत एकदा कानात शिरलं की पुढं येणारा आवाज देवाचा की तिचा, हे ओळखायचं कसं? बावीस वर्षांच्या संसारात दोन्ही आवाज त्याला बरेच सारखे वाटायला लागले होते.

बुधवारी संध्याकाळी मंडळीतल्या म्हाताऱ्या सोजरबाईंच्या घरी मंडळीची प्रार्थना होती. अशा प्रार्थनेत शेवटी प्रत्येक जण आपला विषय सांगतो: कुणाचा गुडघा, कुणाच्या मुलीचं लग्न. ज्याला सांगायचं नसेल त्यानं 'मनातला विषय' एवढंच म्हणायचं आणि बाकीच्यांनी खोदून विचारायचं नाही, असा शिरस्ता आहे. विचारायला बंदी आहे. तर्क करायला नाही.

"माझा एक मनातला विषय आहे," शांतवन खाली मान घालून म्हणाला. "शुक्रवारी पाचपर्यंत उत्तर यायला पाहिजे."

सुवार्तानं डोळे उघडून नवऱ्याकडं पाहिलं आणि पुन्हा मिटले. घरी जाताना स्कूटरवर मागून तिनं विचारलं, "कसला विषय?"

"देवाशी बोललोय मी."

"आणि माझ्याशी?"

"तू पण प्रार्थना कर की."

"कशासाठी ते तरी सांगा!"

"मनातला आहे," शांतवन म्हणाला, आणि त्यानंतर घरापर्यंत फक्त स्कूटर बोलली.

इकडं सोजरबाईंना झोप येईना. शुक्रवारी पाच वाजता माणसाला उत्तर कोण देतं? रक्त तपासणारे! त्यांच्या स्वतःच्या साखरेचा रिपोर्ट नेहमी संध्याकाळी पाचलाच मिळायचा. सकाळी सहाला त्यांनी मंडळीतल्याच ज्योतीराम बंधूंना फोन लावला.

"शांतवनला कायतरी मोठं दुखनं हाय बघ. त्वांड कसं उतारलंय!"

"व्हय की," ज्योतीराम म्हणाले. "परवा बसमध्ये डोकं धरून बसला होता."

हे ज्योतीराम बंधू त्याच कारखान्यात स्टोअरला होते. माणूस मायाळू, पण त्यांच्या तोंडात तीळ भिजत नसे. गुरुवारी दुपारच्या जेवणापर्यंत साळवेच्या रिपोर्टची बातमी तिन्ही शेडमध्ये पोचली. गणराजनं शांतवनच्या हातातला भागांचा ट्रे काढून घेतला. "राहू द्या साळवेसर, मी उचलतो." कँटीनवाल्यानं त्याला मागितल्याशिवाय ताक दिलं. सगळे आपल्याशी इतके गोड का वागतायत, हे शांतवनला कळेना. ही तिसरी खूण असावी का? पण कसली? जा म्हणून, की जाऊ नको म्हणून? रात्रभर तो कुशी बदलत राहिला आणि सुवार्ता पाठ करून, डोळे टक्क उघडे ठेवून पडून राहिली.

शुक्रवारी तीन वाजता मैत्री मॅडमनी त्याला केबिनमध्ये बोलावलं.

"बसा, बसा. साळवे, मला कळलं सगळं. तुम्ही फक्त तब्येतीकडे बघा. गुजरातला आपण गणराजला पाठवतोय."

इतके दिवस मागितलेलं उत्तर समोर आलं होतं. दार बंद. इतकं सरळ उत्तर देवानं याआधी त्याला कधी दिलं नव्हतं. शांतवननं हात जोडून आभार मानायला हवे होते.

"नाही मॅडम!" तो ओरडलाच. "मला जायचंय!"

स्वतःच्याच आवाजानं तो दचकला. आपल्याला जायचंय, हे त्यालाही आत्ताच कळत होतं.

"अहो, पण तुमचा आजार..."

"कसला आजार?" असं म्हणून त्यानं तिथंच दहा उठाबशा काढल्या. आठव्या उठाबशीला गुडघा कडकड वाजला, पण त्यानं चेहरा हसरा ठेवला.

मॅडमनी एक कागद पुढं केला. "ठीक आहे. मग घरच्यांच्या संमतिपत्रावर मिसेसची सही घ्या आणि फोटो पाठवा. पाचच्या आत. त्यानंतर गणराजचं पत्र निघेल."

बायकोची सही! त्यानं फोन लावला तर सुवार्ताचा फोन बंद. शेवटी गणराजचीच मोटारसायकल मागून घेऊन तो निघाला. "सावकाश जा सर, काय लागलं तर कळवा," गणराज कळवळून म्हणाला. तळवड्याच्या चौकात पस्तीस मिनिटं अडकून, ट्रकवाल्यांच्या शिव्या खाऊन तो घरी पोचला तेव्हा सव्वाचार वाजून गेले होते.

दाराबाहेर चपलांचा ढीग होता. आत अख्खी मंडळी जमली होती. सोजरबाई, अर्धी रजा टाकून आलेले ज्योतीराम, स्वतः चर्चचे पाळकसाहेब, आणि मधे रडून डोळे सुजलेली सुवार्ता. रिपोर्टचं तिला त्या दुपारीच कुणीतरी सांगितलं होतं.

"आलं गं बाई माझं लेकरू!" सोजरबाई म्हणाल्या. "दोन दिस उपाशी हाय मी तुझ्यापायी."

"अहो, पण मला..."

"आता बोलू नका, बंधू," पाळकसाहेबांनी त्याला गुडघ्यावर बसवलं, कपाळाला तेल लावलं, आणि सहा माणसांचे बारा हात त्याच्या डोक्याखांद्यांवर आले. प्रार्थना सुरू झाली. पाळकसाहेबांनी यकृतापासून सुरुवात केली. काय दुखतंय ते ठाऊक नसल्यामुळं एकही अवयव वगळायचा नाही, असं त्यांनी ठरवलेलं दिसत होतं. शांतवननं एक डोळा किलकिला केला. भिंतीवरच्या घड्याळात चार चाळीस झाले होते आणि पाळकसाहेब जेमतेम मूत्रपिंडापर्यंत आले होते.

चालू प्रार्थनेत मधेच बोलणं म्हणजे पाप. पण प्रार्थनेत प्रार्थना करायला कुणाची ना नसते. शांतवननं डोळे घट्ट मिटले आणि मोठ्यानं सुरुवात केली.

"हे दयाळू बापा! मी ठणठणीत आहे!"

"आमेन!" ज्योतीराम गहिवरून म्हणाले.

"मला काहीच झालेलं नाही! कंपनी मला तीन वर्षं गुजरातला पाठवतेय, मोठं पद देतेय, आणि पाचच्या आत सुवार्ताची सही पाहिजे, हे तुला ठाऊक आहेच!"

या वेळी आमेन आलं नाही. डोक्यावरचे दोन-तीन हात उचलले गेले. मग समोरून सुवार्ताचा आवाज आला. तिचेही डोळे मिटलेलेच असावेत.

"हे प्रभू, तुझ्या या सेवकाला हे कधी कळलं?"

"सोमवारी, प्रभू," शांतवन पुटपुटला.

"आणि मी आज दुपारपासून याच्याशिवाय कशी जगू म्हणून रडतेय, हे तू पाहिलंस ना, बापा?"

"पाहिलं, पाहिलं," सोजरबाईंनी देवाच्या वतीनं साक्ष दिली.

"मग तुझ्या सेवकाला विचार, बापा, तुझं उत्तर ऐकायला यानं भिंतींची मापं तपासली, पण बायकोला का विचारलं नाही?"

"भीती वाटली, प्रभू," शांतवन म्हणाला. "ती नको म्हणाली असती, तर मला जायचंय हे मला कधीच कळलं नसतं."

शेवटी पाळकसाहेबांनी हात काढून घेतले आणि घसा खाकरला. "बंधू, डोळे उघडा. आता तिलाच विचारा."

शांतवननं डोळे उघडले. कपाळावरचं तेल भुवईत उतरलं होतं. गुडघ्यावर बसूनच त्यानं कागद पुढं केला.

"सुवार्ता, जायचं का आपण गुजरातला?"

चार पन्नास झाले होते. सुवार्तानं कागद घेतला, वरपासून खालपर्यंत वाचला, उलटा करून कोरी बाजूही पाहिली.

"प्रार्थना करून सांगते," ती म्हणाली, स्वयंपाकघरात गेली आणि तिनं आतून कडी लावली.

शांतवननं दाराला कान लावला. मंडळी श्वास रोखून बसली. सोजरबाईंनी मात्र उपास संपल्याचं स्वतःच जाहीर करून टेबलावरचं केळं सोलायला घेतलं. चार त्रेपन्न. चार पंचावन्न. आतून भांडं सरकल्याचा आवाज आला, बाकी काही नाही. पाचला तीन मिनिटं कमी असताना कडी निघाली आणि सुवार्ता दारात उभी राहिली.

"काय म्हणाला देव?" शांतवननं रडवेल्या आवाजात विचारलं.

"जा म्हणाला," सुवार्ता म्हणाली. "ते आत गेल्या गेल्याच म्हणाला. पण पाच मिनिटं याला बाहेरच बसू दे, असंही म्हणाला."

आणि तिनं पेनासाठी हात पुढं केला.