आक्कांनी एक शब्द वाढवला

"दहा मिनिटांचं काम आहे!" आक्कांनी जाहीर केलं आणि बाह्या सरसावल्या.

'दहा मिनिटांचं काम' म्हणणाऱ्या माणसापासून चार हात लांब राहावं, हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं. पण आक्कांना सांगणार कोण? कार्डाने उघडणारी कुलुपं बनवणारी ती छोटीशी कंपनी, आणि आक्का तिथे पहिल्या दिवसापासून. कुलपाच्या पोटात चालणारी संगणकाच्या सी भाषेतली नऊशे ओळींची लायब्ररी, म्हणजे तयार आज्ञांची जंत्री, त्यांनी एकटीने लिहिलेली. पोटच्या मुलांवर त्या ओरडत, पण लायब्ररीला कुणी वावगं बोललेलं त्यांना खपत नसे!

आणि त्या सकाळी लायब्ररी वापरणाऱ्या कुणा अनोळखी प्रोग्रामरचं पत्र आलं होतं: 'तुमच्या लायब्ररीच्या मते दोनशे हा आकडा शंभरापेक्षा लहान आहे.'

आक्कांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. अकरा वर्षांत कुणाची अशी बोलायची हिंमत झाली नव्हती! गृहस्थाला खोटं पाडायचं म्हणून त्यांनी तेच दोन आकडे टाकून पाहिले आणि लायब्ररीने भर ऑफिसात आईचं नाक कापलं. दोनशे लहान, शंभर मोठे!

चूक एवढीशी होती. एका बाइटमध्ये शून्यापासून दोनशे पंचावन्नपर्यंतचा आकडा मावतो. पण तुलना करताना 'अनसाइन्ड', म्हणजे उणे-अधिक चिन्ह नसलेला, हा एक शब्द लिहायचा राहून गेला होता, त्यामुळे एकशे सत्तावीसच्या वरचा प्रत्येक आकडा उणे समजला जाई. दोनशे म्हणजे चक्क उणे छप्पन्न!

"चालतंय ना पण सगळं?" साहेबांनी विचारलं. साहेब आक्कांपेक्षा बारा वर्षांनी लहान, आणि आज दुपारी कुलुपं बघायला मोठं गिऱ्हाईक येणार म्हणून सकाळपासून तीनदा टाय बांधून सोडलेले.

"चालतंय. पण चुकीचं चालतंय."

"मग आजचा दिवस हात लावू नका!"

"दोनशे शंभरापेक्षा लहान असतात का, साहेब?"

"नसतात, पण..."

"झालं तर मग!" आणि आक्कांनी तो शब्द घातला. सगळ्या चाचण्या हिरव्यागार. नवी लायब्ररी आधी कंपनीच्याच काचेच्या दाराला लावली, कारण नव्या वस्तूचा पहिला प्रयोग आपल्यावर करायचा, हा साहेबांचाच नियम. तोवर जेवायची सुट्टी झाली. मंडळी बाहेर गेली, आक्का मात्र जागेवरच बसून राहिल्या.

अर्ध्या तासाने हिशेबनीस बाई परतल्या. कार्ड लावलं. लाल दिवा! पुसून लावलं, उलटं लावलं. लालच!

आता झालं होतं असं, की साहेब माणसं कमी करणार अशी कुजबुज आठवडाभर चालू होती. बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. मागून स्टोअरकीपर आले, त्यांनाही लाल. टायपिस्टला मात्र हिरवा, तर ती "मी काही केलं नाही हो!" म्हणत रडतच आत गेली. बघता बघता दारात अकरा जण जमले, तेराव्याला आल्यासारखे चेहरे करून.

"अहो, दार उघडा ना," स्टोअरकीपर रखवालदाराला म्हणाले.

"कार्ड नाही तर प्रवेश नाही. साहेबांची सही आहे खाली," रखवालदाराने भिंतीवरच्या कागदाकडे बोट दाखवलं. तो कागद त्याला पाठ होता.

तेवढ्यात साहेब गिऱ्हाइकांना घेऊन जिना चढून आले. दोघं होती: एका कारखान्याचे मालक आणि त्यांच्या खरेदी विभागाच्या बाई.

"आणि हे आमचं दार!" साहेब हसत म्हणाले.

"लाज नाही वाटत?" हिशेबनीस बाई कडाडल्या. इतक्या वर्षांत त्यांचा आवाज कुणी ऐकला नव्हता. "तोंडावर सांगायची हिंमत नाही, म्हणून दाराकडून सांगता? गेल्या वर्षी तुमच्या त्या मोठ्या घोडचुकीवर पांघरूण कोणी घातलं? मी! तुमचं इंग्रजी कोण सुधारतं? मीच!"

साहेबांना काही कळेना. घाईघाईने त्यांनी स्वतःचंच कार्ड लावलं.

लाल!

हिशेबनीस बाई हळूच म्हणाल्या, "अगंबाई! तुम्हालापण?" आणि स्टोअरकीपरांनी साहेबांच्या पाठीवर हात ठेवला. "धीर सोडू नका, साहेब. दुसरीकडे मिळेल काहीतरी."

साहेबांचा जीव चिमणीएवढा झाला, आणि मग एकदम त्यांच्या डोक्यात उजेड पडला. ते काचेवर मुठी आपटू लागले. "मॅडम! आधी जुनं परत टाका!" रागावले की ते आक्कांना मॅडम म्हणत.

आक्का दाराशी आल्या. एका नजरेत त्यांना सगळं उमगलं. दाराचं मशीन कार्डांच्या नंबरांची यादी शब्दकोशासारखी शोधे: मधलं पान उघडायचं, मग अलीकडे किंवा पलीकडे जायचं. पण यादी लावली होती जुन्या, चुकीच्या क्रमाने! चुकीच्या फूटपट्टीने मांडलेलं इतकी वर्षं त्याच फूटपट्टीने बिनबोभाट सापडत होतं. आता फूटपट्टी सरळ झाली, आणि अर्धी माणसं हरवली.

"जुनं टाकणार नाही!" आक्का काचेतून ओरडल्या.

"मॅडम, पाहुणे उभे आहेत!"

"राहू देत! लायब्ररी बरोबर आहे, तुमची यादी वाकडी आहे! वाकड्या यादीसाठी मी दोनशेला उणे छप्पन्न म्हणायचं? नोकरी गेली तरी म्हणणार नाही!"

"निदान आतून दार तरी उघडा!"

"दार उघडल्याने यादी सरळ होते का?" आणि त्या पाठ फिरवून गेल्या. खुर्चीत बसून त्यांनी यादी समोर घेतली.

यादी नव्याने क्रमाने लावायला सहा मिनिटं लागली. दिवा हिरवा झाला. पण आत कुणी येईना! नोकरी शाबूत आहे हे आता कळलं होतं, आणि हिशेबनीस बाई आपण काय काय बोललो ते आठवत भिंतीला चिकटल्या होत्या. शेवटी साहेबच टाय सोडत म्हणाले, "चला बाई. इंग्रजीचं मात्र बाहेर बोलू नका."

आक्का विजयी मुद्रेने चहाच्या मशीनपाशी उभ्या होत्या. यायचं त्याने यावं, घातलेला शब्द निघणार नाही!

आल्या त्या खरेदी विभागाच्या बाई. आपले मालक लांब आहेत ना, हे बघून त्या हळूच म्हणाल्या, "आम्ही घेतोय हो तुमची कुलुपं. फक्त एक विचारायचं होतं. तो मघाचा बिघाड आमच्या मालकांपुरता मिळेल का?"

आक्कांनी दाराकडे पाहिलं. साहेबांच्या केबिनकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं,

"किती दिवसांसाठी?"